बारा घरांत ठेवलेली गाडी

माझ्या नाकावर राग असतो हे आमच्या इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भाजीवाला मला काट्यात मारायला घाबरायचा, आणि यांचे मित्र दारात चपला काढताना आधी माझा चेहरा बघायचे. मला त्याची घमेंड होती. बाईनं खरं बोलावं आणि तोंडावर बोलावं, असं मी शेजारणींना येता-जाता ऐकवत असे. खरं बोलायची वेळ आयुष्यात एकदाच आली आणि तेव्हा मी खोटं बोलले. त्या खोट्यावर आमच्या घरची चूल सात वर्षं पेटली.

माझे यजमान सुधाकर, भागीरथ मिलच्या फिटर खात्याचे हेड मिस्त्री. मिलमालकाच्या धाकट्या मुलाला सगळे छोटे सेठ म्हणायचे. त्यानं तरुणपणी दिल्लीच्या कुठल्याशा वकिलातीच्या लिलावातून एक अमेरिकन गाडी आणली होती. सदुसष्ट सालची पॉन्टिअ‍ॅक, लालभडक, दोनच दारांची. बोनेट इतकं लांबरुंद की वर शंभर पापड वाळत घालावेत. आठ सिलिंडरांचं इंजिन, स्टिअरिंग डाव्या हाताला. हौस होती तोवर त्यानं ती महूच्या रस्त्यावर उडवली, मग हौस फिटली आणि गाडी बंगल्यामागच्या गॅरेजमध्ये पंधरा वर्षं पडून राहिली. उंदरांनी गाद्या खाल्ल्या, खालचा पत्रा गंजून हातात यायला लागला. अठ्ठ्याऐंशी साली सेठला तिची पुन्हा आठवण झाली आणि त्यानं यांना बोलावून सांगितलं, "मिस्त्रीजी, इसको फिर से खड़ी कर दो."

पुढची दोन वर्षं आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. पाळी संपली की हे तिकडे जायचे, सोबत रघुवीर टर्नर. रघुवीर यांच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, यांना दादा म्हणायचा. जो भाग मिळेना तो रघुवीर मिलच्या लेथवर बसून स्वतः घडवायचा. जुना तुकडा समोर ठेवायचा, डोळे बारीक करायचा आणि केसाचाही फरक राहू द्यायचा नाही. गंजलेला पत्रा कापून यांनी नवा जोडला, गाद्यांत मिलचा कापूस भरला, रंगाचा एक-एक हात घासून त्यावर दुसरा दिला. नव्वदच्या दसऱ्याला इंजिन सुरू झालं तेव्हा मी प्राचीला, म्हणजे आमच्या पाच वर्षांच्या लेकीला, हाताला धरून तिथंच उभी होते. तो आवाज पोटात जाऊन बसला. रघुवीर हसत होता आणि हे, माझ्या आठवणीत पहिल्यांदा, रडत होते. त्या दिवशी मलाही ती गाडी आवडली होती, खोटं कशाला बोलू.

ब्याण्णवला मिल बंद झाली. भोंगा वाजायचा थांबला आणि आमच्या वस्तीला सकाळी कधी उठायचं तेच कळेना. छोटे सेठ मुंबईला निघून गेला. जाताना गाडीबद्दल एवढंच बोलला, "मिस्त्रीजी, आप देख लेना." बंगल्यावर एक म्हातारा चौकीदार उरला. रात्री-बेरात्री नळ, पंखे, दरवाजे चोरीला जायला लागले. उद्या गाडीही जाईल, निदान तिचे सुटे भाग तरी जातील, म्हणून यांनी फिटर खात्याच्या माणसांना बोलावलं.

आता त्यांची एक रीत सांगायला हवी. मिलमध्ये लांबलचक संप झाला की फिटर लोक प्रत्येक यंत्रातला एक भाग काढून घरी न्यायचे. भाग हाताएवढा, पण त्याच्यावाचून यंत्र हलायचं नाही. याला ते 'जान काढणं' म्हणायचे. भाग तेल लावून, मिलच्या कापडात गुंडाळून घरात ठेवायचा आणि संप मिटला की नेऊन बसवायचा. रीतीचे नियम दोनच. ज्याच्या घरी भाग, त्याच्या घराची इज्जत त्यावर. आणि कुणी कुणाला 'दाखव' म्हणायचं नाही, कारण दाखव म्हणणं म्हणजे तोंडावर चोर म्हणणं. बापाच्या काळापासून हे असंच चालत आलेलं, आणि आजवर एक खिळा कमी भरला नव्हता.

त्यांनी त्या गाडीची जान काढली. बारा माणसं, बारा भाग, बारा घरं. कुणाकडे डिस्ट्रिब्युटर, कुणाकडे स्टार्टर, कुणाकडे पेट्रोलचा पंप. आमच्याकडे वेग-पेट्रोल दाखवणाऱ्या घड्याळांचा सगळा पट्टा आला. रघुवीरकडे कार्बोरेटर, चार तोंडांचा, पाच-एक किलोचा. यांच्या लेखी सगळ्यांत नाजूक भाग तो, म्हणून सगळ्यांत भरवशाच्या माणसाकडे दिला.

पुढची वर्षं कशी गेली ते काय सांगू? हे सियागंजात एका हार्डवेअरच्या दुकानात माल चढवायला-उतरवायला लागले. हेड मिस्त्रीच्या खांद्यावर सळयांचे भारे. एका स्कूटरच्या गॅरेजमध्ये बरं काम मिळत होतं, पण मालकानं 'ए बुढ्ढे' म्हटलं म्हणून परत आले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दुसरं काय. आणि दर रविवारी मात्र गाडी. ठोकळ्यांवर उभी केलेली, टायर जमिनीला टेकू नयेत म्हणून. प्लगच्या भोकांतून तेल सोडायचं, पान्यानं इंजिन हातानं फिरवायचं, म्हणजे पिस्टन गंजून धरत नाहीत. उंदरांसाठी कापूर आणि कडुलिंबाचा पाला. मी शिव्या घालायचे. घरात फोडणीला तेल नाही आणि हे पिस्टनला पाजतात!

चौऱ्याण्णवच्या श्रावणात आमचं असंच भांडण झालं आणि आठ दिवस अबोला होता. त्या आठ दिवसांत एका दुपारी रघुवीर आला, खांद्यावर बोचकं. मिलच्या चाळीतली त्याची खोली गळत होती आणि तो बायकोला घेऊन बेटम्याला सासुरवाडीला निघाला होता, तिकडे सोयाबीनच्या कारखान्यात काम होतं.

"वहिनी, हे जरा सांभाळून ठेवा हं," तो म्हणाला. "तिकडे कच्चं घर आहे, भिंतींना ओल, सील लागून जाईल त्याला. दादा आले की सांगून द्या, मी जल्दीत आहे."

मी बोचकं, म्हणजे तो कार्बोरेटर, पलंगाखाली सरकवलं. यांना सांगितलं नाही. बोलतच नव्हते तर सांगणार काय?

तिसऱ्या दिवशी रविवार. प्राचीला रात्रीपासून ताप होता. मी अबोला मोडून म्हटलं, "अहो, डॉक्टरकडे चला." हे म्हणाले, गॅरेजचं छप्पर गळतंय, गाडीवर ताडपत्री टाकून येतो, तासाभरात आलोच. तीन तास झाले. शेवटी मीच पोरीला पाठीवर घेतलं आणि पावसात चिखल तुडवत गेले. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात, डबल निमोनियाकडे चाललंय. औषध घेऊन घरी आले, पोरीला पलंगावर टाकलं आणि वाकून तिची चादर सारखी करताना ते बोचकं दिसलं. गुंडाळलेल्या कापडावर तेलाचा डाग होता. पोरीला ताप आणि त्याला तेल.

गल्लीत भंगारवाला ओरडत होता. मी त्याला हाक मारली आणि बोचकं त्याच्या गाडीवर फेकलं. भुकेपायी दिलं असतं तर आज निदान तेवढं तरी म्हणता आलं असतं. पण त्या दिवशी डब्यात पीठ होतं. मी ते रागानं दिलं. त्यानं जे काही दिलं त्यात मोसंबी आली, आणि प्राचीनं ती खाल्लीही नाही. राग उतरल्यावर संध्याकाळी मी भंगारवाल्याला शोधत पाटणीपुऱ्यापर्यंत गेले. पण तो फिरता माणूस, ना नाव ठाऊक ना गाव.

वर्षभरानं रघुवीर इंदूरला परत आला. यांना भेटायला घरी आला तेव्हा, हे हात धूत असताना, मला हळूच म्हणाला, "वहिनी, सामान नीट आहे ना?"

"हो," मी म्हटलं आणि चहा टाकला. दाखवा म्हणायची रीतच नव्हती.

शहाण्णवच्या हिवाळ्यात प्रतापराव आले. जुन्या सरदार घराण्यातले, महूजवळ त्यांचा फार्म, तिथं चौदा-पंधरा जुन्या गाड्या. बाहेरून माल मागवायचे कायदे सैल झाले होते, मोठ्या लोकांना नव्या नव्या हौशी सुचत होत्या. छोट्या सेठकडून त्यांनी पॉन्टिअ‍ॅक विकत घेतली आणि यांना बंगल्यावर बोलावलं. तासभर गाडीखाली झोपून बघितलं. उठले तेव्हा कपडे मातीनं भरले होते, पण चेहरा उजळला होता.

"मिस्त्री, हे काम कोणी केलंय?"

"मी आणि रघुवीर टर्नर."

"मला दोन्ही माणसं पाहिजेत. कायमची. गाड्या तुम्ही सांभाळायच्या, राहायला क्वार्टर देतो. पण एक सांगतो. माझ्याकडे प्रत्येक बोल्ट ओरिजिनल लागतो. ज्याच्या घरातून एक जरी पार्ट इकडेतिकडे झाला असेल, त्याला मी माझ्या गेटच्या आत घेत नाही."

हे घरी आले ते पळतच. चार वर्षांत मी त्यांना पळताना बघितलं नव्हतं. "उषा, मिस्त्री म्हणाले ते मला," एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होते. मग प्रतापरावांची ती अटही सांगितली. त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. मग त्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, रघुवीरला आधी एकट्याला गाठून सांगते, काहीतरी मार्ग काढू. पण तो कामावर असायचा, मी उद्या-उद्या करत राहिले, आणि भाग जमा करायचा रविवार उजाडला.

गॅरेजच्या फरशीवर मिलचं पांढरं कापड अंथरलं होतं. प्रतापराव खुर्चीवर. बायकांनी चहा करून आणायचा म्हणून मीही तिथं. एक-एक जण येत होता आणि आपला भाग कापडावर ठेवत होता. गजानननं स्टार्टर ठेवला. त्याच्या घरात त्या वर्षी दोनदा वीज कापली होती, बायकोच्या पाटल्या-बांगड्या सगळ्या गेल्या होत्या, पण स्टार्टर असा चकचकीत की त्यात तोंड दिसावं. एकानं पेट्रोल पंप ठेवला. त्याच्या आईच्या तेराव्याला पानात वाढायला काही नव्हतं, हे मला माहीत होतं. उपाशी राहिले आणि सांभाळलं सगळ्यांनी. मी किटली धरून उभी होते.

अकरा भाग झाले. रघुवीर मोकळ्या हातांनी उभा होता, मजेत, नवा शर्ट घालून.

"तुझा रे?" यांनी विचारलं.

"अरे दादा, तो तर तुमच्याच घरी आहे ना! मी बेटम्याला गेलो तेव्हा वहिनींजवळ देऊन गेलो होतो."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. हे हसतच वळले. "उषा? बोलली नाहीस ती. कुठं ठेवलायस?"

मी यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. प्रतापरावांच्या खुर्चीकडे बघितलं. आणि म्हटलं, "माझ्याकडे? नाही बाई. मला काही दिलं नाही रघुवीरनं."

रघुवीरच्या चेहऱ्यावरचं हसू जायला वेळ लागला. त्याला आधी वाटलं असणार की मी विसरले, आता आठवेल. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं, जुना तुकडा समोर ठेवून बघायचा तसे डोळे बारीक करून, आणि त्याला कळलं. मी बघितलं त्याला कळलेलं. मग त्यानं यांच्याकडे बघितलं, क्षणभर प्रतापरावांकडे.

"मग... माझीच काही गडबड झाली असेल, दादा," तो म्हणाला. "वहिनी म्हणतात तर नसेलच दिला."

"गडबड?" हे म्हणाले. "रघुवीर, विकलास?"

तो पांढऱ्या कापडावरच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला.

"विकलास का, विचारतोय मी!"

"हो," रघुवीर म्हणाला.

यांनी त्याच्या थोबाडीत मारली. सगळ्या खात्यासमोर, एका परक्या माणसासमोर. त्यानं गालाला हातसुद्धा लावला नाही. मी किटली खाली ठेवली. आता बोल, आता तरी बोल, असं मी स्वतःला म्हणत होते आणि कप गोळा करत होते. साऱ्या परदेशीपुऱ्याला खरं ऐकवणारी मी! चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती मी डोळ्यांनी बघितली आणि चोरही मीच.

प्रतापरावांनी यांना एकट्याला ठेवलं. "तुमच्या घराचा पार्ट तर व्यवस्थित आहे," ते म्हणाले. कार्बोरेटर आठ महिन्यांनी अमेरिकेहून आला. गाडी पुन्हा उभी राहिली, दिल्लीला जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात तिला ढाल मिळाली, पेपरात फोटो आला, त्यात प्रतापरावांच्या मागे हे उभे आहेत. लोकांनी उठून जागा द्यावी असे दिवस पुन्हा यांच्या वाट्याला आले. महिन्याच्या महिन्याला पगार. क्वार्टर होतं, पण प्राचीची शाळा इकडे म्हणून आम्ही परदेशीपुऱ्यातच राहिलो, हे सकाळी महूच्या बसनं जायचे. प्राची बारावी झाली, कॉलेजात गेली. प्रत्येक घास माझ्या घशात अडकायचा असं म्हणणार नाही. पहिली दोन वर्षं अडकायचा, मग सवय झाली. हे सांगताना मला जास्त लाज वाटते.

आणि रघुवीर? त्याच्याशी कुणी बोलेना. आमच्या मिलच्या माणसांनी मिल बंद पडल्यावरही अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतली झांकी, म्हणजे चालता देखावा, सोडली नव्हती, वर्गणी काढून दरवर्षी नेत. झांकीतली हलणारी चित्रं वीस वर्षं रघुवीर करायचा. मान वळवणारा हत्ती, पंख मिटणारा गरुड. त्या वर्षी तो मंडपात आला तर गजानननं त्याला हाताला धरून बाहेर काढलं. जान विकणाऱ्याचा हात देवाच्या कामाला नको. त्यानंतर तो कधी आला नाही. यांनी सोडलेली हार्डवेअरच्या दुकानातली जागाच त्यानं धरली. केसाचा फरक ओळखणारा टर्नर सळया उचलायला लागला. रस्त्यात मी समोर दिसले की तोच रस्ता बदलायचा, मला मान खाली घालावी लागू नये म्हणून. हे मला तेव्हाही कळत होतं.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात तो गेला. छातीचं दुखणं, पंचेचाळिशीही पुरती झाली नव्हती. मयत आमच्याच गल्लीवरून गेली. चार माणसं खांद्याला आणि मागे जेमतेम सहा. मी खिडकीत होते. हे कामावरून आलेले, आत बसले होते. मी म्हटलं, "अहो, रघुवीर..." हे म्हणाले, "चोराच्या मयतीला मी जात नाही," आणि उठून खिडकी लावून घेतली.

तेराव्यानंतर मी रघुवीरच्या बायकोकडे, मनोरमाकडे, गेले. नंदानगरच्या मागे पत्र्याची खोली. ती डाळ निवडत होती. मी दारातच सगळं सांगून टाकलं, बोचक्यापासून किटलीपर्यंत. ती डाळ निवडत राहिली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्याच दिवशी बोलले होते ते मला. मी खूप भांडले. म्हटलं, तुम्ही बोलत का नाही? तर म्हणाले, मनू, नोकऱ्या दोन होत्या. मी सच बोललो असतो तर दादांच्या घरावर आलं असतं, आणि भाग माझ्या नावाचा, म्हणून दोन्ही गेल्या असत्या. एक तरी राहिली ना."

मी तिथंच खाली बसले. मला रडू आलं तसं तिनं ताट बाजूला ठेवलं.

"इथं रडू नका, उषाताई. माफी मागायला आलात ना? ते माफ करून गेले. मी नाही करणार. मला सांगून काय फायदा, मला तर माहीतच होतं. ज्या घरांनी त्यांना चोर म्हटलं त्यांना सांगा. जमत असेल तर जा दारोदार. नसेल जमत तर घरी जा, भाकरी खा."

घरी आले तेव्हा हे प्राचीला कुठल्याशा रॅलीचे फोटो दाखवत होते. मी प्राचीला बाहेर पाठवलं आणि उभ्या उभ्या सांगितलं. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते फोटो एकावर एक सारखे करत राहिले. मग त्यांनी आपला उजवा हात पुढे धरला आणि त्याच्याकडे बघत बसले.

"मी त्याला मारलं, उषा," ते म्हणाले. "आणि खांदाही दिला नाही."

तो पूर्ण आठवडा ते कामावर गेले नाहीत, जेवले जेमतेम. रविवारी सकाळी अंघोळ करून पायात चपला घातल्या आणि दारात उभे राहिले. "चल," म्हणाले. "बोलायचं तू. मी मागे उभा राहतो."

आमचं आणि रघुवीरचं सोडून दहा घरं. पहिलं गजाननचं. त्याला आता दिसत नव्हतं. मी सांगत असताना तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. संपल्यावर म्हणाला, "मंडपातून मी काढलं होतं त्याला. या हातानं." पाणीसुद्धा विचारलं नाही त्यानं, आणि बरोबरच केलं.

दुसऱ्या घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, ते लोक देवासला लेकाकडे गेले, चार वर्षं झाली. तिसऱ्या घरी म्हातारा वारलेला, सून नवी, तिला मिलचं काही ठाऊक नव्हतं, तिला वाटलं आम्ही जुनं येणं मागायला आलो आहोत. चौथं घर पाडून तिथं तीन मजले चढले होते. पाचव्या घरी एक जण भेटला, फिटर खात्यातलाच. त्यानं ऐकून घेतलं आणि यांच्याकडे बघून इंदुरी थाटात म्हणाला, "भिया, आता काय करायचं याचं?" आणि दार लोटून घेतलं. नंतरच्या घरांत कुणी भाडेकरू, कुणी दुकान थाटलेलं. मी प्रत्येक दारात तेच सांगत होते. सातव्या-आठव्या दारापर्यंत माझा आवाज बसला होता. हे मागे मान खाली घालून उभे.

दहावं घर चाळीच्या टोकाचं. तिथं आता बाहेरगावहून परीक्षांची तयारी करायला आलेली मुलं राहत होती. दार एका विशीतल्या पोरानं उघडलं, हातात जाडजूड पुस्तक, दातांत ब्रश. आत आणखी तिघं. त्याला वाटलं आम्ही घरमालकाकडचे. मी म्हटलं, इथं मिलचे रामभाऊ राहायचे. त्यानं मान हलवली. त्याला माहीत नव्हतं. परत फिरायला हवं होतं, पण यांनी मागून माझ्या पाठीला हात लावला, बोल म्हणून.

मी बोलले. तिथं हिंदीत बोलावं लागलं. म्हटलं, "बेटा, रघुवीर ने चोरी नहीं की थी. चोरी मैंने की थी."

पोरानं ब्रश तोंडातून काढला. एकदा माझ्याकडे, एकदा यांच्याकडे बघितलं, आणि अगदी अदबीनं विचारलं, "कौन रघुवीर, आंटी?"

हे घरून निघाल्यापासून पहिल्यांदा बोलले.

"टर्नर था," ते म्हणाले. "भागीरथ मिल का टर्नर था."